उपासाच्या दिवसाची गोळी

रविवार, सकाळचे नऊ. हजर : माझे सासरे अण्णा, सासूबाई, मी. टेबलावर अण्णांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा नवा डबा.

मागच्या रविवारी मीच तो भरला होता. आज उघडला तर सोमवार, गुरुवार आणि शनिवारच्या गोळ्या तशाच. गेल्या वर्षी अण्णांना स्टेंट बसवला, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, ही गोळी चुकवायची नाही.

“अण्णा, या तीन का राहिल्या?”

“उपास होता. चिठ्ठीवर ‘रात्री जेवणानंतर’ लिहिलंय. जेवलोच नाही, तर नंतर कुठून येणार?”

“दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी चालते,” सासूबाई म्हणाल्या, “उपास काय तो गोळीनेच मोडतो!”

मला हसू आलं, मग जरा ओशाळायला झालं. अण्णांच्या औषधांसाठी ठेवलेल्या माझ्या वहीत ‘अण्णा गोळी विसरतात’ अशी नोंद होती. ते विसरत नव्हते, लिहिलेलं अक्षरशः पाळत होते. कुणी बघो न बघो, लगेच फळ मिळो न मिळो, नेम चालू ठेवायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलंय. या गोळीलाही तेवढंच लागतं. ते शिकवायला मी कोण?

मी ती नोंद खोडली.

“डॉक्टरांचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दे,” अण्णा म्हणाले. “उपासाला खिचडीनंतर चालेल का, मीच विचारतो. आणि चुकलेल्या गोळ्यांचंही सांगतो.”

नंबर लिहून दिलाय. आज दवाखाना बंद आहे. फोन व्हायचा राहिलाय.