भट्टीत न गेलेला कंडेन्सर

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये मी एकटीच होते. डॉक्टरांनी त्यांना महिनाभर बर्नरच्या ज्योतीसमोर बसायचं नाही म्हणून बजावलेलं. ते कोपरला घरी काळा चष्मा लावून बसलेले आणि दर तासाला फोन करत होते.

डोंबिवली एमआयडीसीत आमचा एक छोटा गाळा आहे. काचेच्या नळ्या बर्नरवर तापवून, फुंकून आम्ही प्रयोगशाळेची भांडी बनवतो. बाबा आधी एका केमिकल कंपनीत हेच काम करायचे. कंपनी बंद पडल्यावर त्यांनी दोन बर्नर घेऊन गाळा सुरू केला. पॅकिंग आई करते. मी बीएस्सी झाल्यावर दोन वर्षं एका लॅबमध्ये नोकरी केली, पण खुर्चीवर बसवेना, म्हणून बाबांच्या शेजारी स्टूल टाकलं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते. हातात गरम काच असली की ते चालून जातं, कारण ती सारखी फिरवतच राहावी लागते. थांबलं की ओघळते. माझं बिनसतं ते काम झाल्यावर. तयार वस्तू विजेच्या भट्टीत ठेवायची, तापवायची आणि मग रात्रभर हळूहळू निवू द्यायची. जोडाच्या जागी काचेत ताण राहिलेला असतो, तो भट्टीत जातो. नाही गेला तर काच आपण होऊन तडकते. कधी, ते सांगता येत नाही. हे थांबणं मला कधीच जमलेलं नाही.

त्या गुरुवारी ठाण्याहून, वर्तकनगरच्या बाजूच्या एका कॉलेजमधून, केमिस्ट्रीच्या मॅडमचा फोन आला. त्यांचा स्पायरल कंडेन्सर फुटलेला. वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करणारी ही नळी, आत काचेचं वेटोळं, बाहेरून काचेचंच आवरण. सोमवारी मुलींची प्रॅक्टिकल परीक्षा होती.

"शनिवारी सकाळी आमचे शिपाई येतील. जमेल ना गं?"

"जमेल मॅडम," मी म्हटलं. बाबा असते तर म्हणाले असते, बघतो.

शुक्रवारी एमआयडीसीत लाईट नसते. बर्नर गॅसवर चालतो, त्यामुळे दुपारपर्यंत कंडेन्सर तयार झाला, आणि चांगला झाला. वेटोळ्याचे पीळ एकसारखे आले. संध्याकाळी लाईट आली की भट्टी लावायची असं ठरवलेलं. पण लाईट आलीच नाही, कुठेतरी केबल जळालेली. मी मंद पिवळ्या ज्योतीवर तो पुन्हा शेकला, जाड कापडात गुंडाळला आणि घरी गेले.

"भट्टीत ठेवलास ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

इतकं सोपं होतं ते. आई ताटं घेत होती, मी पाणी भरायला उठले.

शनिवारी सकाळीही लाईट नव्हती. आमच्याकडे ताण बघायच्या दोन काळ्या फिल्म आहेत. दोन्हींच्या मध्ये वस्तू धरून उजेडाकडे बघितलं की जिथे ताण असेल तिथे काच उजळते. मी खिडकीशी उभी राहून बघितलं. वरच्या जोडाभोवती एक बारीक पांढरी कड दिसली. एवढं चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर ते चालत नाही हे मला माहीत होतं. अकरा वाजता शिपाईकाका आले आणि खोका घेऊन गेले.

त्यानंतरचे दोन दिवस मी घरात नुसती येरझारा घालत होते. रविवारी सगळे डबे काढून घासले. आईने विचारलं, "काय झालंय तुला?" मी म्हटलं, "काही नाही." डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. स्टँडला लावलेला कंडेन्सर, खाली उकळता फ्लास्क, समोर कोणीतरी एकोणीस वर्षांची मुलगी वाकून रीडिंग घेतेय.

सोमवारी सकाळी गाळ्यावर जाते सांगून निघाले आणि सरळ ठाण्याची बस पकडली. कॉलेजात पोचले तेव्हा परीक्षा नुकतीच सुरू झालेली. कंडेन्सर खिडकीजवळच्या टेबलावर लावलेला होता, पाणी सोडलेलं, फ्लास्क तापत होता. दोन मुली त्याच्यापुढे उभ्या होत्या.

"मॅडम, तो काढा. आधी खालचं हीटिंग बंद करा."

"अगं, परीक्षा चालू आहे. मस्त चाललाय तुझा पीस."

"मॅडम, मी हात जोडते. मुलींना मागे घ्या."

माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. हीटिंग बंद केलं, सगळं निवू दिलं, पाणी काढलं. कपाटातला साधा सरळ कंडेन्सर लावून परीक्षा पुढे नेली. मुलींची वीस मिनिटं गेली. मी आमचा कंडेन्सर ओढणीत गुंडाळून बाहेर पडले.

आता बस नको वाटली, धक्के बसले असते, म्हणून रिक्षा केली. मांडीवर दोन्ही हात ठेवून बसलेले. माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षा उभी असताना ओढणीच्या आतून आवाज आला. टिक्. अगदी लहान, बोट मोडल्यासारखा.

रिक्षावाले काका मागे वळले. "मोबाईल पडला काय?"

"नाही. काच फुटली."

"लागलं तर नाही ना?"

"नाही," म्हटलं आणि मला रडू फुटलं. काकांनी पाण्याची बाटली मागे दिली.

घरी आल्यावर ओढणी बाबांच्या पुढ्यात सोडली. त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी बोटांनीच चाचपलं, सावकाश, जोडापाशी येऊन थांबले.

"वरच्या जोडातून गेलाय. भट्टी?"

"लावली नव्हती. लाईट नव्हती. तुमच्याशी खोटं बोलले."

आई म्हणाली, "अहो, पण स्वतः जाऊन परत आणला ना पोरीने."

"पाठवलाही तिनेच," बाबा म्हणाले.

मग त्यांनी मला मॅडमचा नंबर लावून द्यायला सांगितलं. मला वाटलं, ते माझी तक्रार करणार. तर ते म्हणाले, "मॅडम, चूक आमच्याकडून झाली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, माझं लक्ष राहिलं नाही."

मी शरमेने तापले. रागावणं परवडलं असतं, हे नको होतं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. घेतला कसला, हिसकावलाच.

"मॅडम, बाबांना काही माहीतच नव्हतं. मी भट्टीत न ठेवता दिला. ताण मला दिसलेला, तरी दिला. आत्ता येताना वाटेत फुटला तो."

"मुलींच्या तोंडासमोर होता तो," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

"नवीन कधी देशील?"

"शुक्रवार सोडून मागा. लाईटची खात्री असेल तेव्हाच देईन."

"बरं. आणि ताण दिसलेला म्हणालीस, तो कशात दिसतो? ते घेऊन ये, मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी बाबा हट्टाने गाळ्यावर आले. बर्नरकडे पाठ करून खुर्ची मांडली आणि नुसत्या आवाजावरून सांगत राहिले. "ऑक्सिजन जास्त होतोय. कमी कर. आता फुंक. हळू." त्या खोट्याबद्दल ते बोलले नाहीत, मीही काढलं नाही. दुपारी आमच्यात एक डबा होता. त्यांनी भाजीचा मोठा वाटा माझ्याकडे सरकवला, तेव्हा मला जरा मोकळं वाटलं.

गुरुवारी नवीन कंडेन्सर, फुटलेल्याचा वरचा तुकडा आणि त्या दोन फिल्म घेऊन मी कॉलेजात गेले. मॅडमनी मुलींना खिडकीशी बोलावलं. नवा धरला तेव्हा सगळं एकसारखं काळोखं दिसलं. जुना तुकडा धरला तर अजूनही कड उजळली. मुली वाकून वाकून बघत होत्या. त्यातल्या एकीने, बहुतेक त्या टेबलावरच्याच, विचारलं, "ताई, हे तुम्ही पाठवायच्या आधी बघितलेलं?"

"बघितलेलं," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि फिल्म पुढच्या मुलीच्या हातात दिली.

मॅडमनी सहा फ्लास्कची नवीन ऑर्डर लिहून दिली. वेळ किती लागेल विचारलं तेव्हा मी म्हटलं, पंधरा दिवस. त्या म्हणाल्या, घे.

बाहेर आल्यावर रिक्षात बसवेना. चालत उपवनपर्यंत गेले, तलावाला एक फेरी मारली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीत आईचा फोन आला, जेवायला येणार का म्हणून. म्हटलं, येते, पण उशीर होईल, तुम्ही दोघं जेवून घ्या.