मेन स्विच बाबूजींच्या उशाशी

अक्कलकुव्यात भाड्याच्या घरात राहायला आले तेव्हा माझ्याकडे एक गादी, दोन पातेली आणि पुस्तकांची तीन खोकी होती. चार महिन्यांनंतरही सामान तेवढंच आहे. लाईटचे किस्से मात्र माळ्यावर मावेनात. कॉलेजातल्या मैत्रिणी फोन केला की आधी "काय गं, लाईट आहे का?" असं विचारतात आणि मग "कशी आहेस?" असं. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

*

घर दाखवायला घरमालक स्वतः आले. त्यांना सगळं गाव बाबूजी म्हणतं. वय अठ्ठ्याहत्तर. जैन घराणं, आजोबा राजस्थानातून आले, खाली किराण्याचं दुकान, मुलगा सुरतेला. अंगणातल्या नळाला पांढरं स्वच्छ कापड बांधलेलं, कारण पाण्यातला जीव मरता कामा नये.

"लाईटचं काय?" मी विचारलं. मला तेवढंच महत्त्वाचं होतं. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझ्या बारावीच्या बारा मुली होस्टेल सोडून डोंगरात घरी बसल्या होत्या. घरचे ऊसतोडीला गुजरातेत गेले की लहान भावंडांना सांभाळायचं कोणी? या मुली रोज संध्याकाळी सातला टेकडीवर चढायच्या, कारण नेटवर्क तिथेच येतं. मी इथून व्हिडिओवर शिकवायचे. परीक्षा तोंडावर होती. एक तास बुडाला तर तो पुन्हा मिळत नव्हता.

"लाईट? आपल्या घरात लाईट जातच नाही, बेटा," बाबूजी म्हणाले.

खरंच जात नव्हती. ते घालवायचे.

सूर्य मावळायच्या आत जेवण, मग प्रतिक्रमण, म्हणजे दिवसभरातल्या पापांची क्षमा मागणं, आणि सातच्या ठोक्याला मेन स्विच खाली. वरच्या मजल्याला वेगळं मीटर नव्हतं. माझी लाईट त्यांच्याच मीटरवरून यायची आणि तो मेन स्विच त्यांच्या उशाशी.

पहिल्याच संध्याकाळी मी तावातावाने खाली गेले. ते अंधारात शांत बसले होते.

"दिव्यावर किडे येतात. जळून मरतात. पाप कोणाला?"

"बाबूजी, आता एलईडी असतात. ते तापत नाहीत."

"किड्याला कुठे माहीत?"

*

हे सगळं कळायच्या आधी, म्हणजे त्या पहिल्या संध्याकाळी, मी हिलालआप्पांना फोन केला होता. हिलालआप्पा आमच्या भागाचे लाईनमन. माझ्या जन्माआधीपासून खांबावर चढतात, त्यामुळे माझं काही ऐकून घेत नाहीत.

"आप्पा, लाईट गेली."

"लाईट शे, ताई."

"माझ्याकडे नाहीये."

"मंग गयी नही. तुमनाकडे उनीच नही."

गेली नाही म्हणे, माझ्याकडे आलीच नाही! मी म्हटलं, ताबडतोब या. कुठे आहात? तर म्हणे, खांबावर. कोणत्या खांबावर? बहुतेक त्यांनी इकडेतिकडे पाहिलं असावं.

"ताई, वरथून बठ्ठा खांब सारखाच दिखतस."

"आणि खांबावर असताना तुम्ही फोन उचलता?"

"फोन तुमीच लाया ना!"

*

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ब्राह्मणपुरीहून आले. शेतकरी माणूस. विजेबद्दल त्यांचं सगळं ज्ञान विहिरीवरच्या मोटरीतून आलेलं. आल्या आल्या त्यांनी माझा वायफायचा राउटर बंद केला. का, तर हात लावला तेव्हा गरम लागला, आणि गरम झालेल्या मोटरीला विश्रांती द्यावी लागते.

त्यांना सगळी अडचण सांगितली. बाबूजी, किडे, सात वाजता, बारा मुली. अण्णांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं.

"त्यात काय एवढं? शेतावर आपली लाईट रात्री बाराला येते. आपण बाराला उठून गव्हाला पाणी देतो का नाही? तू बी बाराला शिकव."

"अण्णा, त्या मुली आहेत. गहू नाही."

अण्णांनी मान डोलावली. जाताना खाली बाबूजींजवळ अर्धा तास बसले. मला वाटलं, माझी बाजू मांडत असतील. नंतर कळलं, दोघांनी मिळून ठरवलं होतं की पोरगी हुशार आहे, पण तापट आहे.

*

माझ्या खोलीतल्या बोर्डावर सात बटणं. दोन दिव्याची, एक पंख्याचं, बाकी चार कशाची ते कोणालाच माहीत नाही. बाबूजींना विचारलं तर म्हणाले, "असू दे. कुठे तरी लागत असतील."

पाचवं बटण कुठे लागतं ते चार दिवसांनी समजलं. ते मी कॉलेजला निघताना शिस्तीत बंद करून जायचे. वीज वाचवावी म्हणून. दुपारी बाबूजी टीव्हीवर महाराजांचं प्रवचन ऐकतात. चार दिवस टीव्ही मुका. त्यांनी दोनदा मेकॅनिक आणला. शेवटी हिलालआप्पा आले, वायर चाचपत चाचपत जिना चढून वर आले आणि माझ्या पाचव्या बटणावर बोट ठेवलं.

"बाबूजी, महाराज इठे शेतस."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबूजींकडे. त्यांची दुपार माझ्या हातात होती आणि माझी संध्याकाळ त्यांच्या उशाशी.

बोलणी त्या दिवशी सुरू झाली.

*

ठरलं की वरच्या मजल्याला स्वतंत्र मीटर घ्यायचं. त्यासाठी घरमालकाचं ना हरकत पत्र लागतं. बाबूजींनी ते स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, सही केली, पाकिटात घालून दिलं. मी न वाचताच वीज कार्यालयात नेलं. चूक माझीच. म्हाताऱ्या माणसाने पाकीट बंद करून दिलं की आधी उघडून बघावं.

क्लार्कने वाचलं. पुन्हा वाचलं. मग शेजारच्याला वाचून दाखवलं.

"वरच्या मजल्यावर स्वतंत्र मीटर बसवण्यास माझी हरकत नाही. मात्र सूर्यास्तानंतर वीज वापरू नये."

शेजारचा म्हणाला, "मंग मीटर कसाले, ताई? खिडकी उघडा ना."

मी तो कागद घेऊन तडक दुकानात गेले. गिऱ्हाइकांसमोरच सुरू झाले. किड्यांची दया येते, मग बारा मुली थंडीत टेकडीवर उभ्या राहून माझी वाट बघतात आणि तशाच खाली उतरतात, त्यांचं काय? त्यातली मोगी तर धाकट्या भावाला पाठीला बांधून चढते. त्यांचं वर्ष गेलं तर त्याही पुढच्या साली ऊस तोडायला जातील. ते पाप कोणाच्या खात्यावर?

बाबूजी डाळ मोजत होते. मोजून झाली. मग विचारलं, "टेकडीवर दिवा असतो का?"

"नाही. मोबाईलचा काय उजेड पडेल तेवढाच."

त्यांनी कागद मागितला. शेवटची ओळ खोडली आणि तिच्यावर लिहिलं, "जपून वापरावी."

क्लार्कने तेवढं चालवून घेतलं.

*

मीटर लागलं त्या दिवशी मी पेढे वाटले. हिलालआप्पांना दोन दिले. ते म्हणाले, "आते तुमनी लाईट कोनी बंद करी नही शकत, ताई."

सात वाजता तास सुरू केला. सात वाजून दहा मिनिटांनी सगळ्या गावाची लाईट गेली. राउटर बंद. मी फोनवरून जोडून घेतलं तर पडद्यावर मोगीचा मेसेज: "मॅडम, इथून दिसलं. अक्कलकुवा विझलं."

मला रडूच यायला लागलं. धडा महत्त्वाचा, फोनच्या उजेडात पुस्तकातली आकृती दिसेना, आणि बॅटरी चौदा टक्के.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. बाबूजी अंधारात कधी वर आले नव्हते. त्यांच्या हातात दुकानातली मोठी टॉर्च होती आणि तिच्या काचेवर नळाचं ते पांढरं कापड बांधलेलं. माझ्यामागे उभं राहून त्यांनी पुस्तकावर टॉर्च धरली. मऊ, दुधासारखा उजेड पडला.

"शिकव," ते म्हणाले. "इकडचं मी बघतो."

मी शिकवत राहिले. ते दुसऱ्या हाताने कापडावर बसलेलं एकेक पाखरू अलगद उडवत राहिले.

थोड्या वेळाने मोगीचा आवाज आला, "मॅडम, मागे कोण आहे?"

"आमचे घरमालक."

"ते काय करताहेत?"

"किडे मरू नयेत म्हणून उडवताहेत."

टेकडीवर जरा कुजबुज झाली. मग मोगी म्हणाली, "त्यांना विचारा ना, आमच्या मोबाईलवर पण खूप किडे बसतात. अक्षरं दिसत नाहीत. आम्ही काय करायचं?"

मी काही बोलायच्या आत बाबूजी माझ्या खांद्यावरून फोनकडे वाकले.

"फुंकर मार, बेटा," ते म्हणाले. "पण हळू."