जर्मनच्या परीक्षेत 'मी'पाशीच अडले

मंडळी, आज माझी जर्मनची तोंडी परीक्षा हातची गेली. मी नांदूरघाटची, बीडला नर्स हाय. जर्मनीतल्या नोकरीसाठी ही शेवटची संधी होती.

परीक्षक बाई म्हणाल्या, "स्वतःबद्दल सांगा." मी वडलांबद्दल, म्हंजे आमच्या अण्णांबद्दल सांगितलं, गावाबद्दल, शेळ्यांबद्दलबी. "आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी 'इश', म्हणजे 'मी', एवढंच म्हणाले. तेवढ्यात परीक्षेची दहा मिनिटं संपली.

जर्मनच्या क्लासात सरांनी शिकवलेलं, जर्मनचा इश, लॅटिनचा इगो, संस्कृतचा अहम् एकाच घराण्यातले. आमच्या घरात दोघंच ओळखीचे. काही मागितलं की आई म्हणायची, "लई इगो आलाय का?" अण्णा म्हणायचे, "पोरीच्या जातीला अहंकार बरा न्हाई."

आता तुमीच सांगा, सव्वीस वर्षं गिळलेलं 'मी' मी दहा मिनिटांत कुठून काढणार होते?