सतरंजीवाले सर

सरांच्या तोंडून मी ऐकलेले पहिले दोन शब्द होते, "हात काढा." नमस्कार नाही, बसा नाही, कुठून आलात नाही. जालन्यात भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता. आत पलंग नव्हता, टेबल नव्हतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल-निळ्या पट्ट्यांची एक जाड सतरंजी पसरलेली होती, आणि पलीकडच्या टोकाला सर. मी मंजूला सतरंजीवर बसवलं आणि सवयीनं तिच्या पाठीला हात लावून ठेवला.

"हात काढा."

मी काढला. मंजू कलंडली आणि धप्पकन पडली. मी धावले, तर सरांनी मलाच अडवलं. "पडू द्या. सतरंजी कशाला हाय?"

मंजू माझी मोठी मुलगी. जन्मली तेव्हा वेळेवर रडली नाही. मेंदूला तेव्हाच इजा झाली, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोकं तल्लख, तोंड त्याहून तल्लख, पण पाठ टिकत नव्हती आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. शाळेचं वय झालं तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "पोरगी हुशार हाय, पण वर्गात तिला धरून कोण बसंल? आधाराबिगर बसायला लागली की जूनमधी घेऊन या." तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. म्हणजे आमच्या हातात जूनपर्यंतचा वेळ होता, आणि पदरात हे सर.

सर केदारखेड्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. अंगानं पैलवान आणि आवाजानं लिलावातला आडत्या. पोट चांगलंच सुटलेलं. मुलांना सांगायचे त्यातला एखादा व्यायाम स्वतः केलेला आम्ही कधी पाहिला नाही. एका आईनं तसं तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "मला कुठं शाळेत नाव घालायचंय?" ते फिजिओथेरपिस्ट होते, पण हा शब्द आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसला नाही. आमच्या घनसावंगीच्या जीपमध्ये सगळे त्यांना सतरंजीवाले सर म्हणायचे. ड्रायव्हरही तेवढ्यावरच कुठे उतरवायचं ते ओळखायचा.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, चालंल का हो ती?"

"मला न्हाई माहीत."

"मंग आम्ही आलो कशाला?"

"बसायला. शाळेत काय पळत जाऊन शिकायचंय का? आधी बसायचं बोला, बाई."

मला इतका राग आला की परतीच्या जीपमध्ये घनसावंगी येईपर्यंत मी त्यांना शिव्या घालत होते. शेजारच्या बाईनं तर मला तिच्या ओळखीच्या वैदूचा पत्ताही दिला. पण घरी येऊन विचार केला. मंजूला दाखवलं नव्हतं असा माणूस उरला नव्हता, आणि त्यातल्या प्रत्येकानं ती चालेलच असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. "माहीत नाही" म्हणणारा हा पहिलाच. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले.

तेलाचा त्यांना मनस्वी तिटकारा. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मंजूला सकाळ-संध्याकाळ चोळून काढायच्या. एकदा त्या सोबत आल्या. मंजू सरांच्या हातातून मासोळीसारखी निसटली. सर म्हणाले, "मावशी, तेलानं ताकद येत असती तर भजी कढईतून उठून पळाली असती." आत्याबाईंनी कितीतरी दिवस त्यांना माफ केलं नाही. "सुई न्हाई, गोळी न्हाई, नुसतं लेकराला पाडून राह्यला मेला," असं त्या गल्लीभर सांगत होत्या.

सरांची एक मागणी मात्र असायची, भुईमुगाच्या शेंगांची. "दाणे आणू नका. शेंगा आणा." मुलांना मांडीत शेंगा द्यायच्या आणि फोडायला लावायच्या. शेंग फोडायला दोन्ही हात लागतात, आणि दोन्ही हात कामात गुंतले की पाठीला आपलं आपण सांभाळावं लागतं. फोडलेले दाणे सर खायचे. व्यायाम मुलांच्या बोटांना आणि सरांच्या तोंडाला, अशी ती वाटणी होती. मंजूनं एकदा सगळे दाणे स्वतःच गट्ट केले. सर खूश होऊन म्हणाले, "बराबर. ही शिकंल."

पडल्याचा आवाज त्यांना फार आवडायचा. बाहेरच्या खोलीत बोलत असले आणि आत धप्प झालं, की भुवया उडवायचे. "ऐकलं का? कोणीतरी आपल्या मनानं काहीतरी करून राह्यलंय. कडेवरचं लेकरू कधी पडत न्हाई."

मग ग्रहण आलं. न चालणाऱ्या लेकराला ग्रहणात गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, ग्रहण सुटलं की पाय सुटतात, असं आमच्याकडे मानायचे. आत्याबाईंनी जागाही ठरवून टाकली, गोठ्याच्या कडेला. मी नाही म्हटलं की त्या जेवण सोडायच्या. नवरा दोघींच्या मधून सटकून शेतात जायचा. शेवटी मी आत्याबाईंनाच उचलून सरांपुढे नेलं. हा माणूस आता चांगला फाडून काढेल, अशा आशेनं मी सतरंजीच्या कडेला बसले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुरा की."

मला वाटलं, माणूस कामातून गेला.

"पण मावशी, ग्रहणापुरतं कशाला? रोज पुरा. गळ्यापर्यंत नको, छातीच्या खाली. आन् माती बिलकुल लोटायची न्हाई. चारी बाजूंनी गोणपाट भरा, गुडघ्यांमधी चिंध्यांचं गाठोडं ठेवा, समोर एक फळी टाका. फळीवर शेंगा. पाय सरळ, तळवे जमिनीला टेकलेले, आन् तुम्ही शेजारी बसायचं. दुसऱ्या कोणाला जमायचं न्हाई हे."

आत्याबाई परतीच्या जीपमध्ये जिंकून आल्यासारख्या बसल्या होत्या. "म्या म्हनतच होते. आता डाक्टरबी आमच्यावानीच बोलून राह्यला."

नवऱ्यानं उत्साहात खड्डा खणला तो इतका खोल की आत उभ्या मंजूची फक्त शेंडी वर दिसत होती. पुढच्या रविवारी सर जेवायला म्हणून आले, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, पाणी लागलं का?" अर्धा खड्डा त्यांनी उभं राहून बुजवून घेतला. त्याच आठवड्यात पहाटे बैलाला वैरण टाकायला निघालेला नवरा त्याच खड्ड्यात पडला आणि पाय मुरगाळून घेतला. सरांनी त्याला मंजूशेजारी सतरंजीवर बसवलं, पाय पिरगाळून पाहिला, तो ओरडला. "आवाज चांगला हाय," सर म्हणाले. "आता बाप-लेकीनं संगच शेंगा फोडा."

आमच्या गावात डॉक्टरनं सांगितलेलं औषध दोन दिवस चालतं आणि सासूनं सांगितलेलं जन्मभर. आत्याबाईंनी एक दिवस चुकवला नाही. सकाळी उन्हं आली की नातीला खड्ड्यात उभी करायची आणि काठाला बसून तिच्याशी भांडायचं. मंजू फळीवर शेंगा फोडायची, आजीला उलट बोलायची, आणि बोलायच्या नादात फळीचा आधार सुटलाय हे तिच्या लक्षातच यायचं नाही. होळीपर्यंत पाठ धरायला लागली. धावडा गावची एक पाहुणी बाई हे बघून गेली. तिकडेही एक खड्डा झाल्याचं कानावर आलं.

जूनमध्ये शाळेत न्यायच्या आधी सरांनी मला शेवटचं एक सांगितलं. "कोपरा मागा. दोन्हीकडून भिंत असली की पाठ दमली तरी पोरगी पडत न्हाई. आन् तुम्ही दारात थांबू नका." आमच्या शाळेत कोपरा ही शिक्षेची जागा. पहिल्या दिवशी माझ्या मुलीला आल्या आल्या कोपऱ्यात बसवलं. मी दारात थांबले नाही, खिडकीत थांबले. मंजू तरटपट्टीवर बसली, हलली, डुलली, एका भिंतीला टेकली, पुन्हा सरळ झाली. हेडमास्तरांनी हजेरी घेतली. "हजर" म्हणताना तिनं हात वर केला आणि तरीही पडली नाही. आठवडाभरात कोपऱ्यातल्या जागेसाठी पोरांची मारामारी सुरू झाली.

पुढे ती चाललीसुद्धा, दोन काठ्यांवर, तिच्या तिच्या चालीनं. मी सरांना सांगायला गेले, "पाहा, चालली." तर म्हणाले, "मी कुठं न्हाई म्हणलो होतो?"

ती दहावीत असताना सर गेले. हृदय बंद पडलं, खुर्चीत बसल्या बसल्या. जन्मभर लोकांना खुर्चीवरून जमिनीवर उतरवणारा माणूस. आम्ही केदारखेड्याला भेटायला गेलो. बायकांसाठी अंगणात सतरंजी टाकली होती, तीच, लाल-निळी, मधोमध विरलेली. मंजू काठ्यांवर आत आली तशी कुजबुज झाली. "लेकरू अधू हाय, खुर्ची आणा गं." सरांची थोरली बहीण उठली आणि तिनं मंजूचे दोन्ही दंड घट्ट धरले.

"हात काढा, आत्या."

"पडशीन की गं, बाई."

"पडू द्या. सतरंजी कशाला हाय?"

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं आणि हात काढले. मंजूनं काठ्या बाजूला टाकल्या, गुडघे वाकवले, हळूहळू खाली गेली. शेवटचं वीतभर अंतर तिला अजूनही सांभाळता येत नाही. धप्प आवाज झाला, तसा ओट्यावरच्या पुरुषांनीसुद्धा वळून पाहिलं. मंजूनं पाठ सरळ केली, पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावली, आणि मग रडायला सुरुवात केली.