उजव्या पायाची पिल्लं

आर्डिस क्वाले ही मोजूनमापून जगणारी बाई. नॉर्थ डकोटातल्या हेगन गावच्या शाळेत तिने चाळीस वर्षं स्वयंपाक केला, पण मागितल्याबरोबर दुसरा पाव एकाही पोराच्या ताटात पडला नाही. निवृत्तीनंतर परसातल्या कोंबड्या उरल्या, आणि त्यांचे दाणेही ती मापानेच टाकायची.

पिल्लं टपालाने यायची. उबवणीवाले पंचवीसपेक्षा कमी पाठवत नसत, कारण वाटेत ती एकमेकांच्या उबेवरच जगतात. एकट्या बाईला पंचवीस काय करायची? म्हणून आर्डिस आणि रस्त्यापलीकडची ओपल सुंडबी तीस वर्षं भागीत मागवत. डिसेंबरात ओपल मागणी धाडायची, एप्रिलात आर्डिस पोस्टातून खोकं आणायची. वाटेत एखादं मेलं तर असावं म्हणून उबवणीवाले एक वरकड टाकत. म्हणजे झाली सव्वीस. तेरा हिची, तेरा तिची. ओळख राहावी म्हणून पहिल्याच दिवशी पायाच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला चिमट्याने बारीक भोक पाडायचं. आर्डिसच्या पिल्लांना डाव्या पायाला, ओपलच्यांना उजव्या. चिमटा एकच होता आणि तो आर्डिसच्या खणात असे.

मागच्या एप्रिलात ओपल अंथरुणाला खिळली होती. आर्डिसने खोकं एकटीनेच उघडलं. वरकड पिल्लू निराळंच निघालं. राखी रंगाचं, गालांवर पिसांचे फुगे, डोळ्यांपासून काळी रेघ. असल्या कोंबड्या निळसर अंडी घालतात, हे आर्डिसला ठाऊक होतं. तिने ते तळहातावर घेतलं आणि तिच्या मनात आलं, मरायला टेकलेलीला तेरा काय नि बारा काय. पुढे वर्षभर हे वाक्य तिला आठवत राहिलं. पण त्या दिवशी तिने सरळ फोन उचलला.

"ओपल, यंदा एक कमी आलंय गं. पंचवीसच निघाली."

"मेलं असेल बिचारं वाटेत," ओपल म्हणाली. "असू दे. माझ्याकडे बारा पाठव. तुझं तेरावं राहू दे."

अशा रीतीने चौदा पिल्लांच्या डाव्या पायाला भोक पडलं.

शरदात ओपल जरा हिंडूफिरू लागली. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी आर्डिसच्या अंड्यांच्या खोक्यात तिला एक निळं अंडं दिसलं. तिने ते उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"ही कुठली गं कोंबडी?"

"मेळ्यातून आणली."

"मेळ्यात मिळतात होय असल्या," ओपल म्हणाली, आणि अंडं जपून जागच्या जागी ठेवलं. जानेवारीत ओपल गेली. तिच्या भाच्याने कोंबड्या नेल्या, घराला कुलूप ठोकलं. रस्त्यापलीकडचं खुराडं ओकंबोकं झालं.

यंदा आर्डिसने काहीच मागवलं नव्हतं. तरी एप्रिलात सकाळी सहाला पोस्टातून डेलमरचा फोन आला.

"बाई, लवकर या. तुमच्या बाळांनी किंचाळून माझं डोकं उठवलंय."

"माझी कुठली रे? मी नाही मागवली."

"खोक्यावर ओपलबाईंचं नाव आहे. डिसेंबरात पैसे भरलेत त्यांनी. आता त्यांना कुठे नेऊन देऊ, तुम्हीच सांगा."

अंड्यातून निघालेलं पिल्लू अन्नपाण्यावाचून तीन दिवस तग धरतं. दोन दिवस होऊन गेले होते. आर्डिस निमूटपणे गाडी काढून गेली.

घरी येऊन तिने एकेकाची चोच साखरपाण्यात बुडवली. मोजली तर सव्वीस. एकही मेलं नव्हतं. आता वाटेकरी कोण उरलं होतं? तिने सगळ्या सव्वीसांच्या डाव्या पायाला भोक पाडलं. प्रत्येकाचे दोन्ही पाय तिने पाहिले होते. उजवे धड होते, हे ती पुढे कितीदा तरी स्वतःलाच सांगत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की पिल्लं दोन गटांत झोपतात. उबेचा दिवा मधोमध टांगला होता, तरी निम्मी पश्चिमेच्या भिंतीला चिकटून बसत. ती भिंत रस्त्याकडची. तिने दिवा पूर्वेला सरकवला. निम्मी दिव्याखाली गेली. उरलेली थंडीत तशीच राहिली, माना रस्त्याकडे करून, आणि त्यांचा एवढासाही आवाज नव्हता. पिल्लांना थंडी वाजली की ती ओरडून घर डोक्यावर घेतात. ही मात्र मुकाट बसली होती. तिने दिवा परत मधोमध आणला आणि दार लावून घेतलं.

पंधरा दिवसांनी, लख्ख दुपारी, ती पिल्लांच्या पायांची घाण पुसायला बसली. भिंतीकडचं एक उचललं. डाव्या पायाचं भोक बुजून गेलं होतं. असं कधीकधी होतं, भोक नीट पडलं नाही तर कातडी भरून येते. तिने उजवा पाय फाकवून उजेडात धरला. पडद्यात गोल, स्वच्छ भोक होतं. कडा केव्हाच्या सुकलेल्या, जणू पहिल्या दिवशीच पाडलेलं.

तिने दुसरं उचललं, तिसरं उचललं. भिंतीकडच्या तेराही पिल्लांची तीच गत. दिव्याखालच्या तेरांचं डावं भोक मात्र जसंच्या तसं.

आर्डिस स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर टेकली. खण उघडून पाहिला, चिमटा जागेवर होता. तिने स्वतःला बजावलं, की तेरा हा ओपलचा रास्त वाटा. तो तिने घेतला, मग मिटलं. पण खाई त्याला खवखवे. हिशेब मिटला नव्हता, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

ती उठून मोठ्या खुराड्यात गेली. राखी कोंबडी अंड्यावर बसली होती. आर्डिसने तिला काखेत धरलं आणि कितीतरी वेळ तिच्या पायांकडे बघायचं टाळलं. मग पाहिलं. डावा पडदा सलग होता. उजव्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

ओपलच्या परसाला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. आर्डिस काखेत कोंबडी घेऊन रस्ता ओलांडून गेली. रस्त्याकडेच्या चरात अजून बर्फ होतं. वाटेत कोंबडीने एकदाही पंख फडफडवले नाहीत. खुराड्यात जानेवारीपासून साचलेली धूळ होती, पाण्याचं भांडं पालथं पडलेलं होतं. तिने कोंबडी खाली ठेवली. या खुराड्याचा उंबरा त्या कोंबडीने जन्मात पाहिला नव्हता. ती सरळ चालत गेली, शिडीवरून वरच्या दांडीवर चढली, भिंतीकडच्या टोकाला नीट बसली आणि डोळे मिटून घेतले.

आर्डिस दाराशी उभी राहिली. तिला रडू येत होतं. त्यात भीती किती आणि लाज किती, हे मोजायचं माप तिच्याकडे नव्हतं.

"ओपल," ती म्हणाली, "गेल्या साली सव्वीस आली होती गं."

दांडीवरच्या कोंबडीने डोळे उघडले आणि बाजूला सरकून जागा केली.