तंबूचा त्रिशूळ

“काऊन गा, सायकल माह्या डोक्यावर ठेवून राहिला काय?” डब्याच्या दारातली बाई अशी कडाडली की गोंदियाच्या फलाटावरची कबुतरं उडाली ती थेट नागऱ्याच्या शंकराच्या कळसावर जाऊन बसली असतील.

चूक माझीच. सायकलीची पावती खिशात होती, पण सामानाचा डबा पार पुढे, अन् पॅसेंजरनं भोंगा दिलेला. पाठीवर तंबूचं कापड, चटई, स्टोव्ह; पांडवांकडे एवढं सामान असतं तर त्यांनी वनवास आणखी बारा वर्षं वाढवून मागितला असता. दिवस महाशिवरात्रीचा. बायको तापात निपचित पडली होती तेव्हा मी नवस बोललो होतो, ही उठली की शिवरात्रीला सायकलीनं आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडला येईन अन् महादेवाच्या डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करीन. ती उठली, पण माझा गुडघा बसला. तीच म्हणाली, “अर्जुनीपर्यंत गाडीनं जा, पुढं सायकल. महादेव काही टेप घेऊन अंतर मोजत बसला नाही.” आता ही गाडी चुकली तर नवसही चुकणार. कुडव्याच्या घरून छाती फुगवून निघालेला मी, त्या दारात पार विरघळलो. मनात म्हटलं, देवा, माझ्यानं होत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात आतून पांढऱ्या मिशांचे एक बाबाजी उठले. प्रतापगडला निघालेल्या जत्थ्याचे ते म्होरके. हँडलला उभ्या बांधलेल्या, बायकोच्या लाल लुगड्यात गुंडाळलेल्या तंबूच्या काठ्या त्यांनी पाहिल्या अन् गरजले, “बाजू व्हा! महादेवाचा त्रिशूळ होय!”

आमच्याकडे शिवरात्रीला त्रिशूळ घेऊन निघालेल्याला कोणी अडवत नाही. जिथं मुंगीला जागा नव्हती तिथं अख्खं वावर मोकळं झालं. त्या बाईनंच सायकल आत ओढली, काठ्यांना हळदकुंकू लावलं, अन् सायकलीला नंदी समजून कोणीतरी घंटीवर बेलाचं पान ठेवलं. हर हर महादेवच्या गजरात गाडी हलली. मीही त्या गजरात आवाज मिसळला.

अर्जुनीहून सायकल मारत प्रतापगडला पोचलो. पायथ्याशी तंबू ठोकताना त्या हळदीनं पिवळ्या झालेल्या काठ्या हातात आल्या अन् डोळे भरले. मी जोर लावत होतो तोवर दार बंद होतं. हात टेकले अन् उघडलं. यापलीकडे मला काही समजत नाही, समजून घ्यायचंही नाही. पण खोटं बोचत होतं. बाबाजी दर्शन करून उतरले तसे पाय धरले. “बाबाजी, तो त्रिशूळ नव्हता. तंबूच्या काठ्या होत्या.”

“मालूम हाये,” ते म्हणाले. “काठ्यांले कोनी जागा देत नाही.”