बॉल वर हाय

सुप्याच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीच्या गेटसमोर एक मावशी पोह्यांची गाडी लावतात. तेलाच्या डब्याला मोबाईल टेकवून त्या ऑस्ट्रेलियातल्या बायकांचा फुटबॉल बघतात, तो लांबुळक्या बॉलचा. मधल्या दोन खांबांतून बॉल गेला की गोल आणि सहा गुण, थोडा बाजूने गेला तरी एक. गोल झाला की मावशी तिथल्या पंचासारखी दोन्ही हातांनी फडकी हलवतात आणि प्रत्येकाच्या प्लेटमध्ये एकेक भजं फुकट पडतं. मध्येच कोणी पोहे मागितले तर म्हणतात, "थांब, बॉल वर हाय."

सीझनमध्ये सगळ्यांत जास्त गोल मारणारीला बक्षीस असतं. यंदा मावशींच्या लाडक्या वेणीवालीला त्यासाठी एकच गोल कमी पडत होता. शेवटच्या मॅचला मावशींनी मोबाईलवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. शेवटच्या मिनिटाला पोरीने बॉल उडवला आणि मावशींना राहवेना. त्यांनी कुंकवाचं बोट थेट तिच्या कपाळाला लावलं. टच स्क्रीनच तो. बॉल हवेतच थांबला.

आम्ही दहा-बारा जण प्लेटा धरून मोबाईलवर वाकलो.

"कुनी हात लावू नका," मावशी म्हणाल्या. "आदी देवाचं नाव घिऊ द्या." डोळे मिटून त्यांनी पुन्हा बोट टेकवलं.

फडक्यांबरोबर झाराही उडाला. भज्यांची अख्खी परात वाटली गेली.

मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. सुपरवायझरने कारण विचारलं.

"बॉल वर होता, साहेब."

त्यांनी केबिनचं दार लोटलं आणि हळूच विचारलं, "मधून गेला का बाजूनं?"